मोज्यांतले पाय

आमच्या गल्लीत कोणाच्या पाठीत उसण भरली की दवाखान्याच्या आधी माझं दार वाजतं. धुणं पिळताना, सिलिंडर उचलताना, नुसतं शिंकताना सुद्धा माणूस अडकतो आणि मग वाकड्या चालीने माझ्या ओट्यापर्यंत येतो. "ताई, जरा पाय द्या." मी हातातलं काम ठेवते, त्याला भिंतीला धरून उभं करते आणि उजव्या पायाने पाठीवर हलकेच लाथ देते. माणूस सरळ होतो, वळतो, माझ्या पायाला हात लावतो. पाठीला पाय लागला म्हणून हा नमस्कार, तो चुकवायचा नसतो. एक पैसा मी घेत नाही. नातू विचारतो, आजी यात सायन्स काय आहे? मी म्हणते, ते पाठीला विचार, मी पायवाली आहे.

जो जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर येतो तो पायाळू. बस, एवढीच आमची जात. पायाळू माणसाच्या लाथेने उसण जाते आणि पायाळू माणसावर वीज पडते, या दोन गोष्टी खान्देशातलं शेंबडं पोर सुद्धा सांगेल. तिसरी गोष्ट सगळ्याच पायाळूंना नसते, पण आमच्या घरात होती. जमिनीखाली पाणी असलं की आमचे तळवे गार पडतात. गार म्हणजे वैशाखातल्या भर दुपारी रांजणात पाय सोडल्यासारखे. आज हे मी ओट्यावर बसून खणखणीत सांगते. पण वयाची पहिली एकोणीस वर्षं माझे हे पाय पांढऱ्या सुती मोज्यांत कोंडलेले होते, आणि ते मोज्यांतून बाहेर कसे आले ते सांगायलाच आज बसले आहे.

घरात आम्ही चौघं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो, ते एसटीच्या वर्कशॉपला होते. माय घर बघायची. आणि अक्का, म्हणजे मायची मोठी बहीण, ती स्वयंपाकघर बघायची. अक्काला तिच्या नवऱ्याने टाकलेलं होतं. माझ्या जन्माआधीच ती आमच्याकडे आलेली, त्यामुळे मला दोन आया असल्यासारखंच होतं, एक रागावणारी आणि एक भाकरी देणारी. सकाळी मला जाग यायची ती परातीच्या काठावर अक्काच्या बांगड्या वाजायच्या त्याने. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर कच्चं तेल, हा आमचा नाश्ता. वांगी भाजायची ती मागच्या अंगणात तुरीच्या काड्यांवर, आणि अक्का ते भरीत लाकडी बडगीत ठेचायची तेव्हा शेजारच्या दोन घरांतून वाट्या यायच्या. असं सगळं चांगलं होतं. फक्त अक्का बसली की पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. पाहुणे असोत नसोत, तिची पावलं कधी कोणाला दिसली नाहीत.

आणि माझे मोजे. धुळ्याचा उन्हाळा ज्याने काढला त्याला मी काय सांगते ते कळेल. फरशीवर पाणी शिंपडलं तर वाफ व्हावी असे दिवस, आणि मी घरात, अंगणात, शाळेत, देवळाच्या पायरीपर्यंत मोजे घालून. माय विचारणाऱ्याला सांगायची, पोरीचे पाय फुटतात हो, मलम लावलेलं असतं. मैत्रिणी मला "मोजेवाली" म्हणायच्या. ढग गडगडला की माय हातातलं टाकून धावत यायची, मला मधल्या खोलीतल्या लाकडी खाटेवर बसवायची, केसांतल्या पिना काढायची, बांगड्या काढायची आणि वरून घोंगडी टाकायची. त्या घोंगडीच्या वासात मी अर्धं बालपण काढलं आहे. भाऊंना वाटायचं, पोरगी विजेला घाबरते. ते माझी थट्टा करायचे, आणि मी मूग गिळून बसायची, कारण मी पायाळू आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या वेळेला सुईण पोचलीच नाही, अक्कानेच मला पाय धरून बाहेर काढलं. आणि त्याच तासाला दोघी बहिणींनी एकमेकींच्या गळ्याची शपथ घेतली की हे तिसऱ्या माणसाला कळू द्यायचं नाही. उघडा तळवा गार पडून मी चारचौघांत बोलून जाऊ नये, म्हणून मोजे. अक्काही पायाळूच, पण तिने कोणाला पाय लावणं कधीच सोडलेलं. भाऊ तर आठवड्याला एकदा बसखाली पाठ अडकवून घ्यायचे आणि कण्हत रिक्षाने पारोळा रोडच्या एका पायाळू म्हाताऱ्याकडे जायचे. ते परत आले की मोज्यांतल्या पायांनी त्यांना चहा नेऊन द्यायची मीच.

ही शपथ का, ते समजायला अक्काची हकिकत ऐकावी लागेल. माझं वय वाढत गेलं तशी ती मला तुकड्या-तुकड्याने मिळाली, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर माझा राग शेरभर वाढत गेला. अक्काला दिली होती जळगावकडच्या एका केळीच्या गावात, राजधर नावाच्या माणसाला. त्याने तिला हौसेने केली, पायाळू आहे हे माहीत असून केली, कारण त्याला विहीर पाडायची होती. लग्नाची हळद उतरायच्या आत त्याने तिला वावरात नेलं, चपला काढायला लावल्या आणि चालवलं. वैशाखातली काळी जमीन. ती सकाळी चालायची, दुपारी चालायची. सावलीत ये म्हणायला कोणी नव्हतं. तळवे पोळले, फोड आले, फोड फुटले, तरी तो बांधावर लिंबाखाली बसून म्हणायचा, अजून तिकडून एक चक्कर मार. शेवटी एका जागी तिचे पाय गार पडले. तिने तिथे बाभळीची खुंटी ठोकली आणि बसून घेतलं. तेव्हापासून तिच्या तळव्यांची कातडी करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी झाली ती कायमची.

आता ऐका. ती खुंटी पडली होती बांधाच्या पलीकडे, त्याच्या थोरल्या भावाच्या वाट्यात. दोघा भावांचं तेव्हा बोलणं बंद होतं. पाणी भावाच्या वावरात निघणार हे या माणसाला सोसलं नाही. त्याने खुंटी उपटली आणि बांधाच्या अलीकडे, आपल्या हद्दीत ठोकली. त्याचा हिशोब असा की चार पावलांनी काय फरक पडतो, पाणी काय बांध ओळखतं का! विहीर खोदली. खाली लागला काळा पाषाण. सुरुंग लावले, अजून खाली गेले, नुसती धूळ. गावासमोर तोंड दाखवायची वेळ आली तेव्हा त्याने खुंटीचं नाव काढलं नाही. म्हणाला, बायको खोटारडी निघाली. मग म्हणाला, पाणी पळवणारी आहे, हिचा पाय लागला म्हणून पाणी खाली गेलं. अक्काने चार बायांना खरं सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. एका सकाळी त्याने तिला आमच्या दारात आणून सोडलं, एक गाठोडं आणि फडक्यांत गुंडाळलेले पाय, आणि आल्या गाडीने निघून गेला. वर्षाच्या आत दुसरी केली. पुढे तो गावचा मोठा माणूस झाला, लोक त्याला नाना म्हणायला लागले. हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी शाळकरी पोर, पण अंथरुणात पडल्या पडल्या त्या माणसाला मनातल्या मनात नाना तऱ्हांनी मारायची. त्याच कोरड्या विहिरीत ढकलायची, वर येऊ द्यायची नाही. एवढा राग पोटात ठेवून मी अभ्यास कसा केला, देव जाणे.

माझे पाय काय आहेत ते मला अक्कानेच दाखवलं. मायच्या चोरून. उन्हाळ्यात पांझरेला पाणी नसायचं, तरी वाळूत खणलेल्या झिऱ्यावर गोधड्या धुवायच्या निमित्ताने ती मला नदीत घेऊन गेली. मी सातवी-आठवीत असेन. आजूबाजूला कोणी नाही बघून ती म्हणाली, मोजे काढ. वाळू तापलेली होती, मी नाचायलाच लागले. तिने मला हाताला धरून चालवलं, पण माझे पाय भाजायला लागले की पदर ओला करून खाली टाकायची, थांबवायची, मग पुढे. आणि एकाएकी माझे दोन्ही तळवे गार पडले. घोट्यापर्यंत गार. मी घाबरून रडायलाच लागले. अक्काने विचारलं, "पाय काय म्हनतस?" मी म्हटलं, थंडी वाजते. ती तिथेच बसली, दोन्ही हातांनी वाळू उकरत गेली, आणि कोपरभर खोलीवर पाणी आलं. स्वच्छ, नितळ. तिने ओंजळ भरून आधी मला पाजलं. मग म्हणाली, घाबरू नको, हे वाईट नाही, पण मोजे घाल. त्या दोन वाक्यांच्या मध्ये मी पुढची पाच-सहा वर्षं लटकत राहिले. वाईट नाही तर मोजे का, हे मला कोणी सांगेना. आरशात बघताना सुद्धा मी पायांकडे बघायची नाही. आपल्या अंगाला काहीतरी लागलेलं आहे, ते दिसलं तर आपलीही अक्का होईल, हीच भीती.

एकोणिसाव्या वर्षी माझी सोयरीक जमली. मुलगा जळगावला पाइपाच्या कारखान्यात होता. बघायला आला तेव्हा सगळ्यांसमोर त्याने मला विचारलं होतं, तुम्हाला काही विचारायचं आहे का? त्या काळात असं कोण विचारायचं? खरं सांगते, मला तो आवडला होता. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की सुपारी फोडायचं ठरलं. निरोप आला की मुलाच्या आजोळचे नाना पण येतील, त्यांच्याशिवाय आमचं कुठलं कार्य होत नाही. खान्देशात गल्लीगणिक एक नाना, कोणाच्या डोक्यात येणार? अक्काने पहाटे चुलीवर खापर चढवलं. तिचे मांडे बघायला बाया उभ्या राहायच्या. पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत ती कोपरापर्यंत मोठा करायची आणि खापरावर टाकायची, भोक म्हणून पडायचं नाही. आमरस झाला, पुरणाच्या पाण्याची रशी झाली, कुरडया तळल्या. मी नवे मोजे घातले.

जीप थांबली, भाऊ स्वागताला पुढे गेले आणि तिथेच खिळले. सगळ्यांच्या आधी, पांढऱ्या टोपीत, हातात काठी घेऊन राजधर उतरत होता. त्यानेही भाऊंना ओळखलं. पण सोबत सोयरे होते. दारात आलेल्या पाहुण्याला परत कसं पाठवायचं? आणि त्याला तरी जीपमध्ये परत कसं चढता येणार? दोघांनी एकमेकांना रामराम घातला. भाऊ आत आले, मायच्या कानात सांगितलं, मायने अक्काकडे पाहिलं. हातावरचा मांडा अक्काने खापरावर नीट टाकला. मी मात्र तिथेच उभी जळत होते. तो बाहेर बसून पावसापाण्याच्या गप्पा मारत होता, नाकाने कांदे सोलत होता, मुलीला वळण कसं हवं ते सांगत होता. आणि जिच्या जन्माची त्याने माती केली तिने केलेलं तो जेवणार होता!

पाट मांडले, ताटं वाढली. सगळ्यांत मानाचा पाट त्याचा. तो बसायला वाकला आणि अर्ध्यातच अडकला. तोंडातून असा आवाज निघाला की शेजारचे बघायला आले. उसण भरली होती, आणि साधीसुधी नाही, ना खाली बसता येईना ना वर होता येईना. चौघांनी धरून त्याला सतरंजीवर पालथा घातला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, गल्लीत कोणी पायाळू आहे का बघा. पारोळा रोडचा म्हातारा गावाला गेलेला होता, भाऊ खाली बघत राहिले. राजधर मान वर न करता नको, नको म्हणत होता, कारण स्वयंपाकघरात कोण आहे ते त्याला पुरतं माहीत होतं. भाऊ शेवटी दाराशी येऊन हळूच अक्काला म्हणाले, बघा, तुमची इच्छा. अक्का म्हणाली, माझ्या पायांत आता काही राहिलं नाही.

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मी हातातलं रसाचं पातेलं खाली ठेवलं, उंबऱ्यावर बसले आणि मोजे काढले. मायने माझा दंड धरला, नखं रुतली, तिच्या डोळ्यांत सगळं होतं: सोयरीक, शपथ, वीज, अक्का. मी हात सोडवून घेतला. बाहेर जाऊन म्हटलं, "मी पायाळू आहे. अक्काने मला ओढून काढलं, माय साक्षीला आहे." मुलाची आई पाटावर बसलेली, ती उठून उभी राहिली. भाऊ तर माझ्याकडे असे बघत होते की ही कोण घरात आली. मी राजधरच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. खालून तो म्हणाला, दे पोरी, लवकर दे.

"देते. आधी सांगा नाना, खुंटी कुठे होती?"

मुलाच्या वडिलांनी विचारलं, कोणती खुंटी? मी म्हटलं, विहिरीची, अक्काने ठोकलेली. राजधर म्हणाला, ही काय वेळ आहे का, जीव जातोय माझा. मी म्हटलं, "मला घाई नाही." आणि खरंच नव्हती. एवढी वर्षं अंथरुणात पडून मी त्याला जे जे केलं होतं त्यात हे नव्हतं, पण हे त्या सगळ्याहून गोड होतं. त्याच्या मानेवरचे घामाचे थेंब मला दिसत होते. तो उठायला गेला, कळ आली, परत पडला. पंखा फिरत होता, ताटांतला रस काळा पडत होता. शेवटी सतरंजीत तोंड खुपसून तो बोलला. "पलीकडे होती. दादाच्या वावरात. मी उपटून अलीकडे लावली." मी म्हटलं, आणि अक्का? तो कण्हत म्हणाला, "तिनं खरं सांगितलं होतं."

लाथ हलकी द्यायची असते, नुसता पाय टेकवायचा, असं अक्का सांगायची. मी टेकवला नाही. मी मारली, अंगात होता नव्हता तो सगळा जोर काढून मारली. काहीतरी कडकन वाजलं, तो ओरडला, आणि दुसऱ्या क्षणी उठून उभा राहिला. सरळ, ताठ. माझी तर लाहीलाही झाली. या माणसाला मी बरा केला! जन्मभर वाकडा राहायला हवा होता तो. त्याने पाठ हलवून पाहिली, टोपी नीट केली, आणि रिवाजाप्रमाणे माझ्या पायाला हात लावायला वाकला. मी पाय मागे घेतला. म्हटलं, माझ्या नाही, ज्यांचे पोळले त्यांच्या.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. लुगड्याखालून तिची पावलं दिसत होती, आणि सगळे ती बघत होते. राजधरने सोयऱ्यांकडे पाहिलं, कोणी त्याच्या मदतीला आलं नाही. आत्ताच ऐकलेलं कोण विसरणार? तो चार पावलं चालत गेला आणि तिच्यासमोर वाकला. अक्काने पाय मागे ओढले.

"मना पायले हात लावू नको."

आवाज चढवला नाही तिने. आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्याला अरे-तुरे केलं होतं. तो तसाच वाकलेला राहिला, हात हवेत, खाली नुसती फरशी. मग सावकाश सरळ झाला, काठी उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसला. जेवला नाही. मुलाची आई माझ्याजवळ आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, पोरगी सोन्यासारखी आहे, पण आमच्या घरावर पत्रे आहेत हो. वीज ओढून घ्यायची माझी हिंमत नाही. मुलाने जीपमध्ये चढताना एकदा मागे पाहिलं. त्यालाही मी पुढे बरेच दिवस मनातल्या मनात एक लाथ देत असे. पुढे माझं लग्न झालं ते सगळं सांगून, स्लॅबच्या घरात, आणि छान झालं. पण त्या दुपारी मला रडू आलं हे खोटं कशाला सांगू?

माय पदर तोंडात घालून बसली होती. आता भाऊ रागावणार असं आम्हा तिघींना वाटलं. भाऊंनी दार लावून घेतलं, माझ्या उघड्या पायांकडे बघितलं, मग मायकडे. म्हणाले, म्हणजे मी इतकी वर्षं पारोळा रोडला रिक्षाचं भाडं भरत होतो? आणि सदरा वर करून भिंतीला हात टेकून उभे राहिले. मी त्यांच्या पाठीला पाय लावला. हलकाच, अक्काने सांगितला होता तसा. ते वळले आणि माझ्या पायाला हात लावायला लागले तर मी त्यांच्या गळ्यातच पडले. मग आम्ही चौघांनी बसून मांडे खाल्ले. मोजे मायने चुलीत घातले.

राजधर कबूल झाला ते सगळ्या सोयऱ्यांनी ऐकलं होतं, म्हणजे संध्याकाळच्या आत त्याच्या गावाने ऐकलं. त्याच्या थोरल्या भावाने वाट बघितली नाही. बांधाच्या पलीकडे, खुंटी उपटली होती तिथे, बोअर मारली. पाणी असं लागलं की गाडीवाले भिजले. त्याने केळी लावली. राजधर त्यानंतर खूप जगला, ताठ पाठीने, आणि रोज सकाळी आपल्या कोरड्या विहिरीच्या काठावरून त्याला बांधापलीकडची मोटर चालू झालेली ऐकावी लागली. दोनदा त्याची उसण परत भरली, दोनदा धुळ्याला जीप आली. मी जीप परत पाठवली. लोक मला आजही विचारतात, मेलेल्या माणसावर राग कशाला, माफ कर. करत नाही. त्याने मला काय केलं होतं? काही नाही. म्हणून तर माफ करायचा हक्क माझा नाही.

पहिलं पीक निघालं तेव्हा थोरल्या भावाने केळीचा एक घड अक्काच्या नावाने पाठवला. आणणारा म्हणाला, अक्कांना सांगा, तुमच्या खुंटीचं आहे. अक्काने घड पुढच्या खोलीत खुंटाळ्याला टांगला आणि पिकेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. पिकला तेव्हा पहिलं केळ तिने स्वतः तोडलं. अंगणात उन्हात बसली, दोन्ही पाय गल्लीकडे लांब सोडले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे, आणि सावकाश, अगदी सावकाश ते खाल्लं. मी शेजारी माझे पाय सोडून बसले. जाताना एकीने विचारलं, अक्का, पायाला हे काय झालं? अक्का केळ चावत म्हणाली, विहीर शोधली.